गेली असेल कुणाबरोबर

‘गेली असेल कुणाबरोबर.’

बायांनो, हे वाक्य आपण कधीच उच्चारलं नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारी तुमच्यात कोणी असेल, तर तिने हा लेख वाचला नाही तरी चालेल. बाकीच्यांनी वाचावा. मी स्वतः बाकीच्यांतलीच आहे. बस्तीच्या ओसरीवर, अभिषेक आटोपल्यावर, अक्षतांची डबी हातात धरून मी हे वाक्य ऐकलंय, त्यावर मान डोलवलीय, आणि एकदा तर त्याला पुरावासुद्धा पुरवलाय. त्या पुराव्याचं पुढे काय झालं ते आज सांगणार आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा सांगायला हवं होतं, ते आता सांगतेय.

आमच्या गावातली एक सून नाहीशी झाली. नाव सांगत नाही, घर सांगत नाही. गाव बेळगाव जिल्ह्यातलं, घर आपल्यातलं, एवढं पुरे. मंगळवारी सकाळी बस्तीत बातमी आली की ती कालपासून घरात नाही. माझ्या तोंडून चटकन निघालं, ‘अगं बाई, काल पाचच्या सुमाराला निपाणीच्या गाडीत चढताना पाहिली की मी तिला! मोहरीच्या रंगाची साडी, हातात रेक्झिनची पिशवी.’

मी काय पाहिलं होतं? मोहरीच्या रंगाची साडी नेसलेली एक बाई पाहिली होती. पाठमोरी. स्टँडवरच्या गर्दीत, रस्त्याच्या पलीकडून. चेहरा पाहिलाच नव्हता. तिच्याकडे तशा रंगाची एक साडी होती, एवढ्यावरून माझ्या मनाने त्या पाठीला चेहरा चिकटवला. सकाळी तसं वाटलं नव्हतं हं. ‘ती नाहीशी झाली’ हे ऐकल्यावर वाटलं. आधी बातमी आली, मग माझी आठवण तयार झाली. त्या वेळी मात्र मला हा क्रम उलटा भासला, आणि मी खोटं बोलतेय असं क्षणभरही मनात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत दोघीजणींनी तिला गाडीत चढताना ‘पाहिलं’ होतं. दुसऱ्या दिवशी त्या पिशवीबरोबर एक पुरुषही आला. गुरुवारी ती गावाबाहेरच्या विहिरीत सापडली.

नवऱ्यावर खटला झाला. बेळगावच्या कोर्टात दोनेक वर्षांनी साक्षी सुरू झाल्या. प्रश्न साधा होता. ती रविवारी रात्री मेली की सोमवारी संध्याकाळनंतर? रविवारी रात्री नवरा घरात होता. सोमवारी पहाटे तो कोल्हापूरला गेला आणि बुधवारी परतला, याला पुरावा होता. डॉक्टरांना प्रेताच्या अवस्थेवरून नेमका दिवस सांगता येईना. तेव्हा सगळं येऊन ठेपलं ते कुणी काय पाहिलं आणि कुणी काय ऐकलं यावर.

एका बाजूला शेजारच्या घरी धुणं-भांडी करणारी म्हातारी होती. कानडी तिची भाषा, मराठी मोडकीतोडकी. रात्री ती त्याच घराच्या पडवीत झोपायची. तिने रविवारी रात्री ओरडणं ऐकलं होतं, काहीतरी जड पडल्याचा आवाज ऐकला होता. पोलिसांकडच्या जबाबात ‘रविवारी रात्री’ असं लिहिलेलं. कोर्टात मात्र ती म्हणाली, ‘आमशीच्या आदल्या रातीला.’ वकिलांनी पंचांग काढलं. अमावास्या मंगळवारची. म्हणजे आदली रात्र सोमवारची. ‘मग बाई, खरं काय? रविवार की सोमवार?’ म्हातारी गोंधळली. आधी रविवार म्हणाली, मग सोमवार, मग गप्प बसली.

दुसऱ्या बाजूला दोन शिकलेल्या, नीटनेटक्या, आपल्यातल्या बायका. दोघींनी एकच सांगितलं. सोमवार, पाच वाजता, निपाणीची गाडी, मोहरीच्या रंगाची साडी, रेक्झिनची पिशवी. शब्दाला शब्द जुळला.

नवरा सुटला. संशयाचा फायदा मिळाला.

आता दोन गोष्टी नीट ऐका. पहिली म्हातारीची. त्या महिन्यात अमावास्या सोमवारी दुपारी लागली होती आणि मंगळवारी दुपारी संपली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवार छापलेला. पण म्हातारीच्या घरी ज्या रात्री अमावास्या असेल तो दिवस अमावास्येचा धरत. म्हणजे तिची अमावास्या सोमवारची आणि आदली रात्र रविवारची. ती पहिल्यापासून एकच सांगत होती. एवढं तिला कुणी विचारलंच नाही.

दुसरी गोष्ट त्या दोघींची. त्या दोन साक्षी नव्हत्याच, एकच होती. तीही त्यांची नव्हती, माझी होती. साडीचा रंग माझा, पिशवी माझी, निपाणीची गाडी माझी. मी बस्तीत सांगितलेलं वाक्य दोन तोंडांनी कोर्टात जाऊन उभं राहिलं आणि न्यायाधीशांना ते दोन स्वतंत्र साक्षीदार वाटले.

माझं म्हणणं एवढंच आहे. साक्षी जुळल्या म्हणजे खऱ्या आणि जुळल्या नाहीत म्हणजे खोट्या, हा आपला हिशेब चुकीचा आहे. आधी हे विचारायला हवं की प्रत्येकाचं म्हणणं आलं कुठून. पाहिलं कोणी, आणि पाहिलेल्याचं ऐकलं कोणी?

मी काही वकील नाही. पण माझे वडील आयुष्यभर एका वकिलांकडे कारकून होते. त्यांच्या कपाटात निकालांचे जुने खंड होते. त्या खटल्यानंतर मला झोप लागेना, तेव्हा मी माहेरी जाऊन त्यांना विचारलं, ‘दादा, असं पूर्वी कधी झालंय का?’ त्यांनी एक खंड काढून दिला आणि इंग्रजी अडेल तिथे अर्थ सांगत बसले. तो खटला होता पुण्याचा. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. सुप्रीम कोर्टाचा निकाल १४ डिसेंबर १९५९ चा.

लक्ष्मीबाई कर्वे ही पुण्यातली विधवा बाई. मधुमेहाचा आजार, जवळ पैसाअडका, शेअर, दागिने. डॉक्टर लागू तिच्या विश्वासातला. औषधपाणी त्याचं, व्यवहाराचा सल्लाही त्याचाच. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री ती त्याच्याबरोबर पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसली. मुंबईत मोठ्या डॉक्टरांना प्रकृती दाखवायची होती. पहाटे गाडी पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. लागूने तिला गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेलं आणि नाव सांगितलं इंदुमती, आडनावही भलतंच. जिला वर्षानुवर्षं ओळखतो तिच्याशी आपली ओळख गाडीतली असल्यासारखं तो बोलला. त्याच दिवशी दुपारच्या आत ती मेली. न्यायला कुणी आलं नाही. येणार कोण? लक्ष्मीबाई मेली हे कुणाला माहीत नव्हतं, आणि इंदुमती नावाची कुणी बाईच नव्हती.

पुण्यात काय झालं? नातेवाइकांना पत्रं येऊ लागली. लक्ष्मीबाईच्या नावाची. आपण यात्रेला गेलो, मग कुणा जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं, आता राठोडी नावाच्या गावी संसार थाटलाय, आमचा शोध करू नका. इकडे तिचा पैसा, शेअर, एकेक करून लागूच्या हाती जात होते. वर्ष उलटून गेलं. १९५८ साली अटक होईपर्यंत हा कारभार चालला.

मी तो भाग वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. ‘गेली असेल कुणाबरोबर’ हे वाक्य लागूने पत्रात लिहून पाठवलं होतं, दुसरं काय? त्याला पक्कं ठाऊक होतं की विधवा बाई नाहीशी झाली तर समाज कुठली गोष्ट विनातक्रार गिळेल. ‘मेली असेल’ म्हटलं तर लोक विचारतात, कुठे, कशाने, क्रियाकर्म कुणी केलं? ‘पळून जाऊन लग्न केलं’ म्हटलं की विचारणंच बंद होतं. उलट नातेवाईकच आवाज खाली आणतात. खून लपवायला याहून चांगली जागा नाही. नात्यातल्या काहींना ते पटलं नाही, त्यांनी सरकारदरबारी अर्ज केले, म्हणून निदान चौकशी तरी झाली. त्या माणसांना माझा नमस्कार. पत्रं बरीच आली होती आणि सगळी एकमेकांशी जुळत होती. जुळणारच. पत्रं अनेक, गोष्ट रचणारा एक.

खटला चालला तेव्हा तिथेही साक्षींचा मेळ बसेना. आणि हे साक्षीदार बस्तीच्या ओसरीवरचे नव्हते, मोठमोठे डॉक्टर होते. शवविच्छेदन मृत्यूनंतर दहा दिवसांनी झालेलं, विष सापडलेलं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं मत, मधुमेहाच्या बेशुद्धीने मृत्यू. रुग्णालयाच्या कागदावर लघवीत ॲसिटोन असल्याची नोंद, म्हणजे तीही मधुमेहाच्या बाजूची. उलट रुग्णालयात तिला तपासणारे वरिष्ठ डॉक्टर म्हणत होते, ही मधुमेहाची बेशुद्धी वाटत नाही, शवविच्छेदन व्हायला हवं. ते त्याच वेळी झालं नाही, ते का झालं नाही यावरही डॉक्टरांच्या सांगण्यात फरक. वरवर पाहिलं तर दोघे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. आपण ओसरीवर न्याय करतो तसा तिथे केला असता, तर ‘दोघे सांगतात ते खरं’ म्हणून मोकळे झालो असतो.

कोर्टाने काय केलं? बहुमताच्या निकालात प्रत्येक मत मागे मागे नेऊन पाहिलं. ॲसिटोनची ती नोंद मूळची नाही, मागाहून घुसडलेली आहे, असं ठरलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या मतालाही आधार होता तो रुग्णालयाच्या त्याच कागदांचा. म्हणजे दोन मतं दिसत होती, पण दोन्हींच्या मुळाशी कागद एकच. आणि तो कागद डागी. मग राहिलं लागूचं वागणं. खोटं नाव, लपवलेलं मरण, बनावट पत्रं, हडप केलेला पैसा. विष सापडलं नाही तरी या सगळ्या साखळीवरून खून सिद्ध होतो, असं दोन न्यायमूर्तींनी ठरवलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टाने दिलेली आणि हायकोर्टाने कायम केलेली फाशी त्यांनी कायम ठेवली.

तिसऱ्या न्यायमूर्तींनी मात्र वेगळं मत लिहिलं. न्यायमूर्ती सरकार यांना विषाने मृत्यू झाला हेच पुरेसं सिद्ध झालेलं वाटलं नाही. मी दादांना म्हटलं, ‘एवढं सगळं डोळ्यांसमोर असून हे असं कसं म्हणतात?’ दादा म्हणाले, ‘त्यांनी का म्हटलं ते वाच. पानंच्या पानं लिहिलीत. ज्याला फाशी द्यायची त्याच्यासाठी एकाने तरी एवढं थांबायला नको का?’ तेव्हा राग आला होता. आज वाटतं, दादा बरोबर होते. पुरावा तोच, मतं दोन, पण प्रत्येकाने आपलं मत कशावर उभं आहे ते उघड मांडलेलं. मतभेद असे असावेत. आपल्या ओसरीवरच्या मतभेदात काय मांडलेलं असतं? ‘मला तरी बाई तसंच वाटतं.’

मी हे एकदा आमच्या स्वाध्यायाच्या बैठकीत बोलले. तेव्हा तीन उत्तरं मिळाली. तिन्ही तुमच्याही मनात असतील, म्हणून घेते.

पहिलं उत्तर एका विद्वान काकांचं. ‘ताई, आपण अनेकांतवादी. प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या दृष्टीने खरंच असतं.’ ऐकून अंगाचा तिळपापड झाला. काका, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्हीच आम्हाला पाठशाळेत सांगितलीत. त्या गोष्टीतल्या प्रत्येक आंधळ्याने हत्तीला हात लावलेला असतो! कुणाच्या हाताला पाय लागला, कुणाच्या शेपूट, कुणाच्या कान. म्हणून त्यांचं अर्धं का होईना, खरं. जो घरी बसून होता आणि ज्याने दुसऱ्या आंधळ्याचं ऐकून ‘हत्ती सुपासारखा’ म्हटलं, त्याला त्या गोष्टीत जागा नाही. अनेकांत म्हणजे सगळ्यांच्या म्हणण्यातलं थोडं थोडं घेऊन केलेली मिसळ नव्हे. ‘स्यात्’ म्हणजे ‘असेल बाबा काहीतरी’ नव्हे. अमुक अपेक्षेने, अमुक जागेवरून पाहता असं आहे, हे बांधून सांगणं म्हणजे स्यात्. मी त्या दिवशी ‘रस्त्याच्या पलीकडून, पाठमोरी, तिच्यासारखी एक बाई दिसली’ असं म्हणाले असते, तर तो स्याद्वाद होता. ‘मी तिला पाहिलं’ म्हणाले, तो एकांत झाला. आणि त्या एकांताने एका मेलेल्या बाईला सोमवारी संध्याकाळी जिवंत केलं.

दुसरं उत्तर बायकांचं. ‘आपण काय मुद्दाम खोटं बोलतो का? बोलणं ते, वाऱ्यावर जातं.’ वाऱ्यावर नाही जात, कोर्टात जातं, हे मी पाहिलंय. आणि मुद्दाम नाही म्हणून सुटका होते, हे कुठे वाचलंत? तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार, साकारमंत्रभेद. आपण ते दशलक्षणात पाठ म्हणतो आणि घरी येतो. लक्ष्मीबाईच्या खटल्याशेजारी ठेवून बघा. बनावट पत्रं लिहिणं ही कूटलेखक्रिया. विश्वासाने सोपवलेली ठेव गिळणं हा न्यासापहार. हे दोन लागूचे. पण उरलेल्यांतले दोन कुणाचे? स्त्री-पुरुषांच्या एकांतातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणणं म्हणजे रहोभ्याख्यान. चेहऱ्यावरून, हावभावावरून दुसऱ्याच्या मनातलं ताडून ते बाहेर सांगत सुटणं म्हणजे साकारमंत्रभेद. ‘तिचं संसारात लक्षच नव्हतं.’ ‘खिडकीत उभी राहायची.’ ‘हसणं बघितलंत का तिचं?’ हे दोन आपले आहेत, बायांनो. ज्याने पत्र बनवलं आणि ज्यांनी ते पत्र खरं मानून चार घरी पोचवलं, ते सगळे शास्त्राने एकाच सूत्रात बसवलेत. गुन्हा सारखा नाही, कबूल. पण एकाच व्रताला आपण सगळ्यांनी भोक पाडलंय.

पुरुषांनी इथे हसू नये. बस्तीच्या ओसरीवरचं अर्धा तास चालतं. पानपट्टीसमोरचं रात्री अकरापर्यंत चालतं. त्या पिशवीबरोबर ‘पुरुष’ आला तो ओसरीवरून नव्हे, पानपट्टीवरून.

तिसरं उत्तर सगळ्यांत अवघड. एका तरुण मुलीने विचारलं, ती वकिली शिकते. ‘मावशी, मग तो सुटला हे चूक झालं का? संशयाचा फायदा आरोपीला द्यायचाच असतो ना?’ द्यायचाच. दहा वेळा द्यायचा. त्यानेच मारलं असं मी आजही म्हणत नाही. मला माहीत नाही. ती स्वतः विहिरीत उतरली असेल, पाय घसरला असेल, काहीही असेल. पण संशय खरा असावा. माझ्या तोंडातून सांडलेला नसावा. न्यायाधीशांनी काही चूक केली नाही. त्यांच्यासमोर जे ठेवलं त्यावर त्यांनी निकाल दिला. त्यांच्यासमोर जे ठेवलं गेलं, त्यातला खोटा भाग माझा होता आणि खरा भाग एका म्हातारीच्या मोडक्या मराठीत अडकून पडला होता.

याच मुलीने मला कायदा समजावून दिला. तोंडी साक्ष प्रत्यक्ष हवी. पाहिलं असेल तर पाहणाऱ्याने सांगावं, ऐकलं असेल तर ऐकणाऱ्याने. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही आहे. अमुक इतके साक्षीदार हवेतच असा नियम नाही. एक विश्वासाचा साक्षीदार पुरतो. साक्षीदाराचं एक वाक्य चुकलं म्हणून सगळं टाकून द्या, असंही आपल्याकडचा कायदा म्हणत नाही. मग म्हातारीची साक्ष का टिकली नाही? कारण जुळणाऱ्या दोघींसमोर ती एकटी पडली.

तेव्हा आता थोडं कामाचं सांगते. कधी प्रसंग आलाच तर लक्षात ठेवा. बाई नाहीशी झाली तर चोवीस तास थांबायचं असा कुठलाही कायदा नाही, त्याच तासाला तक्रार द्या. आपण काही पाहिलं असेल तर ओसरीवर बोलण्याआधी घरी जाऊन वहीत लिहा. वार, वेळ, कुठून पाहिलं, चेहरा दिसला की नाही. जे दिसलं नाही तेही लिहा. साक्षीदार बाईला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं. म्हणून ‘ठाण्याची पायरी कशी चढू’ हे निमित्त सांगू नका. आमच्या भागात जबाब कानडीत लिहिला जातो. आपण मराठीत बोललो तर लिहिलेलं मराठीत समजावून सांगा म्हणावं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावावं. त्या जबाबावर आपली सही घेत नाहीत, पण कोर्टात तोच कागद आपल्यासमोर धरतात. तिथीने सांगत असाल तर वारही सांगा. आणि वकिलाने कितीही दटावलं तरी ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजू नका.

हे सगळं मला त्या वेळी माहीत नव्हतं, हे खरं. पण एक गोष्ट तेव्हाही माहीत होती. त्या दोघींची साक्ष झाली त्या संध्याकाळी मला कळलं की त्या माझंच वाक्य बोलल्या. खटला अजून चालू होता. मी सकाळच्या गाडीने बेळगावला जाऊन सरकारी वकिलांना भेटू शकले असते. घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, ‘कोर्टकचेरीच्या भानगडीत आपल्या घरच्या बायकांनी पडायचं नाही.’ हे म्हणाले, ‘त्या दोघींना तू खोटं पाडणार? रोज बस्तीत तोंडं बघायचीत त्यांची. आणि समाजाचा मुलगा आहे तो.’ मी गप्प बसले. मला कुणी कोंडून घातलं नव्हतं. बसभाडं माझ्या डब्यात होतं. मी गेले नाही.

समाजाचा मुलगा. ती मग कुणाची मुलगी होती?

दरवर्षी क्षमावाणीला आपण एकमेकींना हात जोडतो. ‘उत्तम क्षमा’ म्हणतो आणि लाडू खातो. ज्यांच्याशी वर्षभर गोड बोलतो त्यांच्याकडेच क्षमा मागतो, म्हणून ती इतकी सोपी जाते. निकालानंतर चार वर्षांनी, त्याच दिवशी, मी त्या म्हातारीच्या घरी गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, कौलं खचलेली एक खोली. मी सगळं सांगितलं. साडी, पिशवी, पाठमोरी बाई, त्या दोघी. तिला सगळं समजलं की नाही कोण जाणे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाण्याचा तांब्या पुढे सरकवत तिने विचारलं,

‘अक्का, तवा तुमी का न्हाई आला वो कोर्टात?’